वेळेवरचे विसर्जन : झाडाच्या पेशीतली एक गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच मंचावर नाट्यसंगीत झाले, उद्या मुलांच्या एकांकिका आहेत. या दोहोंच्या मध्ये वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त मास्तराला उभे करायचे धाडस आपल्या कार्यवाहांनी केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार. "सर, फार जड नको," एवढीच त्यांची अट होती. म्हणून मी सुरुवात शेतापासून करतो, आणि तीही माझ्या एका चुकीपासून.

१९८८ सालचा डिसेंबर. मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. आमचे थोरले काका देवासजवळ शेती करायचे. सुट्टीत मी तिकडे गेलो की हाताला येईल ते काम करायचो. काकांनी गव्हातला चाकवत, ज्याला आपण इथे बथुआ म्हणतो, तो मारण्यासाठी टू फोर डी फवारले होते. विहिरीजवळ काकूंनी टोमॅटोचे दोन वाफे लावले होते आणि त्यांच्यावर किडीचे औषध मारायचे होते. मी तोच पंप घेतला, एकदा पाण्याने खंगाळला, आणि मोठ्या उत्साहाने दोन्ही वाफे फवारून काढले.

चार दिवसांनी काकू मला हाताला धरून विहिरीवर घेऊन गेल्या. टोमॅटोची पाने अरुंद होऊन पिळली होती, देठ खाली वळले होते, खोडे जागोजागी सुजली होती. कोणी झाडांना पिळून ठेवावे तसे ते वाफे दिसत होते.

काका आले, बघितले आणि म्हणाले, "पंप धुतला होतास का रे?"

"एकदा खंगाळला होता, काका."

"एकदाच?"

पुढे ते रागावले नाहीत. पण रात्री जेवताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "हे औषध झाडाला जाळत नाही, वाढवून मारतं, असं दुकानदार सांगतो. तू हेच शिकवतोस ना? मग सांग, वाढवून मरतं कसं?"

मी पुस्तकातले उत्तर दिले. झाडात ऑक्झिन नावाचे वाढीचे संप्रेरक असते, टू फोर डी हे कृत्रिम ऑक्झिन आहे, ते जास्त झाले की वाढ बेबंद होते, वगैरे. काका म्हणाले, "हे नाव झालं. कसं होतं ते विचारतोय मी."

मी गप्प बसलो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मलाच काय, जगात कोणालाच माहीत नव्हते. औषध १९४०च्या दशकापासून शेतोशेती वापरात होते, पण ते पेशीत नेमके कुठे जाऊन बसते हे कळायला २००५ साल उजाडावे लागले. काका २००१ सालीच गेले. आज जे बोलणार आहे ते खरे तर त्यांना सांगायचे राहून गेलेले उत्तर आहे.

हे उत्तर समजायला थोडे मागून यावे लागेल. तुमच्यापैकी ज्यांनी अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतले होते, त्यांनी कांद्याच्या मुळाची स्लाइड नक्की केली असेल. ग्लासातल्या पाण्यावर कांदा ठेवायचा, दोन-तीन दिवसांत मुळे फुटली की टोक कापायचे, रंगवायचे, काचेवर दाबायचे. सूक्ष्मदर्शकातून बघितले की काही पेशींमध्ये गुणसूत्रे मध्यभागी ओळीत उभी दिसतात आणि काहींमध्ये ती दोन बाजूंना निघालेली दिसतात. एका पेशीच्या दोन पेशी होत असतात. झाड म्हणजे याच गोष्टीची लाखो-कोट्यवधी वेळा झालेली आवृत्ती. मुळाच्या आणि शेंड्याच्या टोकाला ज्या विभाजी ऊती असतात, तिथे हे काम चालू असते.

आता प्रश्न असा, की ओळीत उभ्या राहिलेल्या गुणसूत्रांना "आता निघा" हे कोण सांगते? माझ्या विद्यार्थिदशेत आम्हाला वाटायचे, की त्यासाठी एखादे नवे प्रथिन तयार होत असेल. सगळ्यांचाच कल तसा होता. वाढ म्हणजे काहीतरी नवे बनणे, असेच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उत्तर उलटे निघाले. ती निघतात, कारण त्या क्षणी एक प्रथिन नष्ट केले जाते.

याचा पहिला धागा सापडला तो समुद्रातल्या एका प्राण्यात. १९८२ साली टिम हंट हे इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या वुड्स होल इथे सी अर्चिन नावाच्या काटेरी सागरी जीवाची अंडी तपासत होते. त्यांना दिसले, की एक प्रथिन हळूहळू साठत जाते आणि पेशी दुभंगायच्या सुमारास एकाएकी नाहीसे होते. पुन्हा साठते, पुन्हा नाहीसे होते. त्याचे नाव त्यांनी सायक्लिन ठेवले. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासोबत हंट यांचाही वाटा होता. हेच सायक्लिन कांद्यात आहे, गव्हात आहे, तुमच्या-माझ्यात आहे.

पण प्रथिन "नाहीसे होते" म्हणजे काय? पेशीत हजारो प्रकारची प्रथिने दाटीवाटीने असतात. त्यांतले नेमके एकच, नेमक्या वेळी, बाकीच्यांना धक्का न लावता कसे नष्ट करायचे? यासाठी मी एक घरगुती उदाहरण देतो. तुलना फक्त समजण्यापुरती आहे, कोणी राग मानू नये. आपण गणपतीची उत्तरपूजा करतो तेव्हा मूर्तीवर अक्षता वाहतो आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतो. त्यानंतर विसर्जन ठरलेले. अक्षता पडल्या, की आता ही मूर्ती निघणार हे घरातल्या लहान मुलालाही कळते.

पेशीतही अगदी अशीच एक खूण आहे. तिचे नाव युबिक्विटिन. ते फक्त ७६ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन आहे. जे प्रथिन नष्ट करायचे त्याला युबिक्विटिनची साखळी चिकटवली जाते. मग प्रोटिओसोम नावाचे एक नळकांड्यासारखे यंत्र ती खूण ओळखते, त्या प्रथिनाला आत ओढून घेते आणि त्याचे तुकडे करते. तुकड्यांतून सुटलेली अमिनो आम्ले पुन्हा नवे प्रथिन बांधायला वापरली जातात. तळ्यातली माती पुन्हा मूर्तीला उपयोगी पडावी, तसे. ही खुणेची पद्धत शोधून काढल्याबद्दल आरोन सिकानोव्हर, आव्रम हर्शको आणि आयर्विन रोझ यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आणखी एक गंमत सांगतो. माणसाचे युबिक्विटिन आणि झाडाचे युबिक्विटिन यांत ७६ पैकी फक्त तीन जागी फरक आहे. एवढी जुनी आणि एवढी जपून ठेवलेली ही वस्तू आहे.

खूण एकच, पण ती कोणावर लावायची हे ठरवणारी प्रथिने पुष्कळ आहेत. त्यांचे शास्त्रीय नाव ई-थ्री लायगेज. आपण सोयीसाठी त्यांना गुरुजी म्हणू. प्रत्येक गुरुजींची घरे ठरलेली, ते दुसऱ्याच्या मूर्तीला हात लावत नाहीत. मोहरीच्या कुळातले अ‍ॅराबिडॉप्सिस हे छोटेसे झाड शास्त्रज्ञांचे लाडके आहे. त्याची सगळी जनुके २००० साली वाचून झाली. मूर्ती ओळखण्याचे काम करणाऱ्या प्रथिनांचे एफ-बॉक्स नावाचे एक घराणे आहे. माणसात त्याचे सुमारे ७० सदस्य, तर या टीचभर झाडात सुमारे ७००! ऊन, पाऊस, कीड, दुष्काळ यांपासून झाडाला पळता येत नाही. जिथे उगवले तिथेच उभे राहून जुळवून घ्यायचे, म्हणून त्याला एवढे गुरुजी लागत असावेत, असे मानले जाते.

आता पेशीविभाजनाच्या तीन वळणांवर हे विसर्जन काय करते ते बघू.

पहिले वळण सुरुवातीचे. पेशीने दुभंगू नये म्हणून तिच्यात केआरपी नावाची रोधक प्रथिने असतात. त्यांना ब्रेक म्हणू या. ब्रेक नष्ट झाला तर पेशी पुढे सरकते. याचे सगळ्यात सुंदर उदाहरण परागकणात आहे. फुलझाडात एका परागकणातून दोन नर पेशी जातात. एक अंडपेशीला मिळते, तिच्यापासून अंकुर होतो. दुसऱ्या मीलनातून अंकुराचे अन्न तयार होते. गव्हाच्या दाण्यातला पिठाचा भाग, म्हणजे आपली पोळी, याच दुसऱ्या मीलनाची देणगी आहे. या दोन नर पेशी एकाच पेशीच्या विभाजनाने होतात, आणि त्या विभाजनाआधी एफबीएल-१७ नावाच्या गुरुजींना तिथला ब्रेक काढावा लागतो. २००८ साली अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये दाखवले गेले, की हे गुरुजी नसतील तर ब्रेक तसाच राहतो आणि परागकणात दोनऐवजी एकच नर पेशी उरते. दुहेरी मीलन पुरे होत नाही, बी धरत नाही. एका प्रथिनाचे विसर्जन चुकले की दाणाच नाही.

दुसरे वळण म्हणजे कांद्याच्या स्लाइडवरचे. गुणसूत्रांच्या जोड्या एका दोऱ्याने बांधलेल्या असतात आणि तो दोरा कापणारी कात्री एका रक्षक प्रथिनाने धरून ठेवलेली असते. सगळी गुणसूत्रे नीट ओळीत लागली, की एपीसी नावाचे मोठे गुरुजी येतात आणि त्या रक्षकावर व सायक्लिनवर अक्षता टाकतात. रक्षक गेला, कात्री मोकळी झाली, दोरा तुटला, गुणसूत्रे दोन बाजूंना निघाली. ब्रेक नुसता बंद का करायचा नाही, नष्टच का करायचा? कारण बंद केलेले पुन्हा चालू होऊ शकते. नष्ट केलेले परत येत नाही, ते नव्याने बनवावे लागते. पेशीला या वळणावरून मागे फिरायची मुभा नाही. अनंत चतुर्दशीला आपल्याकडे झांक्या निघतात तेव्हा पुढची झांकी चौकातून हलल्याशिवाय मागचीला वाट मिळत नाही आणि एकदा गेलेली उलट वळत नाही, तसेच हे.

तिसरे वळण थांबण्याचे, आणि मला वाटते तेच सगळ्यात महत्त्वाचे. विभाजन सुरू करणे जितके अवघड तितकेच ते थांबवणे. झाडात सीसीएस-५२ए नावाचे प्रथिन एपीसीला मदतीला घेते आणि सायक्लिन साठूच देत नाही. मग पेशी दुभंगत नाही, पण तिच्यातला डीएनए दुप्पट होत राहतो आणि पेशी फुगून मोठी होते. घरी मेथीची जुडी मुळांसकट आणली तर मुळांवरच्या गाठी बघा. त्यांत हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू राहतात. मेथीच्या जवळच्या नात्यातली मेडिकागो ही वनस्पती घेऊन फ्रान्समधल्या कोंडोरोशी दांपत्याच्या प्रयोगशाळेने १९९९ साली हे प्रथिन शोधले. जिवाणूंना घर देणाऱ्या पेशीत डीएनएचे प्रमाण दोन संचांवरून ६४ पर्यंत जाते. हे प्रथिन कमी केले, की त्या पेशी नीट वाढतच नाहीत आणि गाठीचे काम बिघडते. पाहुण्याला घर द्यायचे तर आधी पेशीने दुभंगणे थांबवायला हवे.

टोमॅटोचा गरही असाच तयार होतो. त्याच्या पेशींत डीएनएचे २५६ संच आणि कधी त्याहूनही जास्त सापडतात. प्रयोगशाळेत टोमॅटोतले सीसीएस-५२ए कमी केले, तर फळे लहान राहिली. काकूंच्या वाफ्यातले रसरशीत टोमॅटो हे वेळेवर थांबलेल्या विभाजनाचे फळ होते, हे आम्हाला कुठे माहीत होते!

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. हे गुरुजी कामाला लागतात ते कोणाच्या सांगण्यावरून? पुष्कळदा संप्रेरकांच्या. मुळाला बाजूची मुळे फुटायची असतील तर आतल्या काही शांत बसलेल्या पेशींना पुन्हा विभाजन सुरू करावे लागते. ऑक्झिन त्यांना तसे सांगते. पण ऑक्झिनला ओळखणारे प्रथिन कोणते, हे कित्येक वर्षे सापडत नव्हते. २००५ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात मार्क एस्टेल यांच्या गटाने आणि इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात ऑटोलिन लेझर यांच्या गटाने एकाच वेळी उत्तर दिले. ते ओळखणारे प्रथिन म्हणजे टीआयआर-१, आपल्या सातशेपैकी एक गुरुजी! ऑक्झिन येऊन या गुरुजींच्या खोबणीत बसते आणि डिंकासारखे काम करते. एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला वाढ रोखून धरणारा ब्रेक, मध्ये ऑक्झिन. दोघे चिकटले की ब्रेकवर अक्षता पडतात, ब्रेक नष्ट होतो आणि वाढीची जनुके मोकळी होतात. २००७ साली या जोडणीचे रेणूपातळीवरचे चित्रच मिळाले आणि त्यात टू फोर डीही त्याच खोबणीत बसलेले दिसले.

काका, हे घ्या तुमचे उत्तर. खरे ऑक्झिन आपले काम करते आणि झाड ते लवकरच मोडून टाकते किंवा बाजूला बांधून ठेवते. टू फोर डी टोमॅटोसारख्या रुंद पानांच्या झाडाला सहजी मोडता येत नाही. ते खोबणीत येतच राहते, ब्रेक बनला की नष्ट, बनला की नष्ट. जिथे दुभंगू नये तिथल्या पेशी दुभंगतात, देठाची एक बाजू जास्त वाढते म्हणून तो पिळतो, खोड सुजते. पुढे इतरही संप्रेरकांचा तोल जातो आणि झाड दमते. गहू मात्र हे औषध लवकर निकामी करून टाकतो, म्हणून तो वाचतो. वाढवून मरते ते असे, काका. वाढीला मर्यादा घालणारे सगळेच वाहून जाते म्हणून.

आणि यात एक गोष्ट आणखी आहे, जी मला खूप उशिरा लक्षात आली. त्याच शेतात त्याच दिवशी याच्या नेमके उलटे उदाहरण उभे होते, ते म्हणजे काकांचा गहू. आमच्या आजोबांच्या काळचा गहू छातीभर उंच व्हायचा. त्याला खत जास्त दिले की कणसाच्या भाराने आडवा पडायचा. मग साठच्या दशकात नॉर्मन बोरलॉग यांचा बुटका गहू डॉ. स्वामीनाथन यांच्या प्रयत्नाने आपल्याकडे आला आणि देशाचे धान्याचे चित्र बदलले. तो बुटका का, हे १९९९ साली कळले. जिबरेलिन हे संप्रेरक डेला नावाचा ब्रेक नष्ट करवून खोड वाढवते. बुटक्या गव्हात या ब्रेकचा नेमका तोच भाग गायब आहे ज्याच्यामुळे जिबरेलिनला त्याला पकडता येते. म्हणून तो नष्ट होत नाही, खोड आखूड राहते आणि जोर दाण्यात जातो. म्हणजे वाफ्यात सगळे ब्रेक वाहून गेल्याने मरगळलेले टोमॅटो, आणि शेजारी एक ब्रेक टिकून राहिल्याने उभा असलेला गहू. दोन्ही बघत आम्ही तिथे उभे होतो आणि दोन्हींचे कारण एकच आहे हे आम्हाला माहीत नव्हते.

हे ज्ञान कपाटात राहिलेले नाही. २००७ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी भातातले जीडब्ल्यू-२ हे जनुक शोधले. तेही एका गुरुजींचेच. ते निकामी असलेल्या भातात साळीच्या टरफलात पेशी जास्त होतात, दाणा रुंद आणि जड होतो. औषधशास्त्रातही तेच. थॅलिडोमाइड या औषधाने साठच्या दशकाच्या आसपास हजारो बाळे व्यंग घेऊन जन्माला आली. ते पेशीत कुठे बसते हे २०१० साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि ती जागाही एका गुरुजींचीच निघाली. त्याच कुळातले लेनालिडोमाइड आज मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. तेही रेणूचा डिंक बनून रोगट पेशीला हवी असलेली प्रथिने नष्ट करवते. डिंकाची ही युक्ती झाडे मात्र कोट्यवधी वर्षांपासून वापरत आली आहेत.

मंडळी, आता आवरते घेतो. आज एवढे एकच घरी घेऊन जा. वाढ म्हणजे फक्त भर पडणे नाही. काय, केव्हा आणि किती जाऊ द्यायचे, यावर वाढ उभी असते. ब्रेक गेलाच नाही तर परागकणातली पेशी दुभंगत नाही आणि दाणा भरत नाही. सगळेच ब्रेक गेले तर टोमॅटोचा वाफा होतो. आपण दहा दिवस मूर्ती जिवाभावाने पुजतो आणि वेळ झाली की स्वतःच्या हाताने पाण्यात सोडतो. डोळे भरून येतात, पण कोणी अकराव्या दिवसानंतर हट्ट धरून बसत नाही. झाडाची प्रत्येक पेशी हे दर वेळी करते.

आणि एक सूचना, विज्ञानापेक्षा उपयोगाची. इथे ज्यांची शेती आहे किंवा गच्चीवर बाग आहे, त्यांनी तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. तो दुसऱ्या कशाला वापरू नये. एकदा खंगाळून भागत नाही. हे मी दोन वाफे टोमॅटो देऊन शिकलो आहे. काकूंनी त्या वर्षी सगळ्या मोसमाचे टोमॅटो बाजारातून आणले आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनाही हे उत्तर आज सांगितले असते तर म्हणाल्या असत्या, "ते ठीक आहे रे, पण पंप धू."

गणपती बाप्पा मोरया!